बसच्या पाटीवर माझं नाव

लॅपटॉप तापून धुळीचा करपट वास सुटला की मला वारज्याच्या माझ्या खोलीतली ती दुपार आठवते. गाड्यांच्या एका गेममध्ये खेळणारे स्वतःचे रस्ते बनवतात, आणि तो रस्ता डाउनलोड करायचा की नाही हे लोक त्याच्या एका छोट्या चित्रावरून ठरवतात. खराडीच्या आयटीतल्या एका साहेबांनी घाटरस्ता बनवला होता आणि त्याचं चित्र मी गेममध्येच फोटो काढून केलं होतं. बरीच घासाघीस झाल्यावर मी दर उतरवला तो एकाच अटीवर, की कोपऱ्यात माझं नाव राहील. चित्र झळकलं तेव्हा नेमका तो कोपरा कापलेला. फोन केला, तर म्हणाले, "अहो, नाव खुपत होतं. शिवाय रस्ता माझा, तुम्ही नुसता फोटो काढलात." मी म्हटलं, "मग नुसता फोटो आपणच काढायचा होतात." तरी पुढच्या रस्त्यासाठी ते त्या दुपारी दारात हजर झालेच. या वेळी मी अजिबात घासाघीस केली नाही. गेममधला सूर्य कलेपर्यंत थांबलो आणि उन्हानं उजळलेल्या वळणावर, चित्राच्या मधोमध, लाल बस उभी केली. तिच्या पाटीवर गावाच्या जागी माझं नाव होतं. "अहो, हे कापलं तर बसच जाईल!" "जाऊ द्या की. रस्ता तर आपलाच आहे." साहेब तेच चित्र घेऊन गेले. तेव्हापासून मी कोपऱ्यात नाव टाकत नाही. ज्याला कापायचंय त्याने मधून कापावं.