झांबियाचे फिरी, मलावीच्या फिरी

हॉटेलच्या बँक्वेट डिपार्टमेंटमध्ये नोकरी केली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. एका पार्टीचे सांगून होत नाहीत तोवर दुसरी चेक-इन करते. लग्नं, बँकांच्या मीटिंगा, दातांच्या डॉक्टरांची कॉन्फरन्स, सगळं आखातातल्या आमच्या हूऱ्याच्या हॉटेलात होतं. पण स्टाफ कॅन्टीनमध्ये मी, कुडाळचे शेफ परब आणि चिपळूणचा ड्रायव्हर दळवी एकत्र जेवायला बसलो की विषय हमखास फिरींवर येतो.

इथे मनामा शहरात खासदारांची एक आंतरराष्ट्रीय परिषद होती. ती संपल्यावर झांबिया आणि मलावी या दोन शेजारी देशांचे काही खासदार मागे थांबले. दोन्ही संसदांचा मैत्री गट स्थापन करायचा आणि दोघांच्या सीमेजवळ शेंगदाणा तेलाची गिरणी काढायला इथल्या एका व्यापाऱ्याला राजी करायचं, असं दुहेरी काम होतं. बैठका आमच्या छोट्या हॉलमध्ये.

*

झांबियाचे प्रमुख मिस्टर फिरी. उंच, सावकाश बोलणारे, राजकारणात येण्याआधी हेडमास्तर होते. मलावीच्या प्रमुख मिसेस फिरी. बुटक्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलणं तडकाफडकी. आडनाव एक, नातं काही नाही. तिकडे दोन्ही देशांत हे आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं गावोगावी सापडतं.

हे आम्हाला नंतर कळलं. रिसेप्शनवरच्या नव्या मुलीने 'मिस्टर फिरी' आणि 'मिसेस फिरी' अशी दोन बुकिंग बघितली. चुकून डबल झालंय असं समजून तिने एक कॅन्सल केलं आणि दोघांना मिळून समुद्राकडची एक छान खोली दिली. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, भोवती गुलाबाच्या पाकळ्या.

दहा मिनिटांत मिसेस फिरी खाली आल्या. मी काउंटरपाशीच होते. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. त्या मला शांतपणे म्हणाल्या, "मुली, आम्ही मैत्रीचा करार करायला आलोय. इतक्या पुढे जायला आमच्या संसदेने सांगितलेलं नाही."

मागून मिस्टर फिरी आले. म्हणाले, "खोली यांना द्या. हंस मात्र मला हवेत."

*

पहिली बैठक इंग्रजीत सुरू झाली. वाद वाढला तसे सगळे आपल्या भाषेत शिरले आणि धडाधड बोलू लागले. साउंडवाला धावत माझ्याकडे आला. "मॅडम, दुभाषा बोलवायचा राहिला का?"

चहाच्या सुट्टीत मी मिस्टर फिरींना विचारलं. ते म्हणाले, "दुभाषा कशाला? आम्हाला एकमेकांचं सगळं समजतं. यांना आमची न्यांजा भाषा उत्तम येते."

मिसेस फिरी शेजारीच होत्या. "ती चेवा आहे. आणि ती यांना येते."

मी परबांना हे सांगितलं. परब कांदा चिरत होते. ते म्हणाले, "आमच्याकडे पण बांदा ओलांडून गोव्यात गेलं की भाषेचं नाव बदलतं. भांडण मात्र कळतं सगळ्यांना."

*

परबांना दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या घरचं जेवण करायचं होतं. सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, पांढऱ्या मक्याचं पीठ आणलं, गटातल्या एका बाईंना विचारून घेतलं, आणि मोठ्या टोपात ढवळायला बसले. "ही तर आपली उकड," मला म्हणाले. "मक्याची."

अडचण पाटी लिहिताना आली. झांबियावाले म्हणतात 'न्शिमा', मलावीवाले 'न्सिमा'. एक लिहावं तर दुसरे नाराज. परबांनी एकाच टोपातली उकड दोन भांड्यांत काढली, दोन पाट्या लावल्या आणि भांडी बुफेच्या दोन टोकांना ठेवली. प्रत्येक जण बरोबर आपापल्या टोकाला गेला.

जेवण झाल्यावर एक झांबियन खासदार किचनच्या दारात आले. परबांचा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "शेफ, त्यांचं वाईट नव्हतं. पण आमचं जास्त मऊ झालं होतं."

परब म्हणाले, "होय सर."

थोड्या वेळाने मलावीचे एक जण आले. परब त्यांनाही "होय सर" म्हणाले.

*

संध्याकाळी दळवी दोघा फिरींना अरादचा किल्ला दाखवायला घेऊन गेला. किल्ला बघून झाला, पण दोघांचं लक्ष पाण्याकडे. दोन्ही देशांना समुद्र नाही. माल बाहेर पाठवायचा तर दुसऱ्याच्या देशातून, दुसऱ्याच्या बंदरातून. मिसेस फिरींनी चपला काढल्या, पाण्यात उतरल्या, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "आमच्या तळ्याचं पाणी गोड आहे."

मिस्टर फिरी दळवीला म्हणाले, "मलावीत तळं आहे हे या लोकांनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही."

पाण्यातून आवाज आला, "तुम्ही तुमचा धबधबा विसरू देता का?"

दळवी परत आल्यावर मला म्हणाला, "मॅडम, ते बुकिंग चुकलंच होतं. ही नवरा-बायको नाहीत, सख्खी भावंडं आहेत."

*

गिरणीत पैसे घालणार होते ते व्यापारी अबू खलील. वडिलांपासून सूकमध्ये धान्याचा व्यापार, वय ऐंशीकडे झुकलेलं, हिंदी आपल्यासारखी बोलतात. त्यांचा प्रश्न एकच होता. गिरणी सीमेच्या कुठल्या बाजूला?

दोन दिवस त्यावरच गेले. मिसेस फिरी म्हणायच्या, आमच्या बायका शेंगांची पोती डोक्यावर घेऊन कोस कोस चालतात आणि दलाल देईल त्या भावात विकतात, गिरणी आमच्याकडेच हवी. मिस्टर फिरी म्हणायचे, आमच्याही बायका तेच करतात. मागे बसलेले खासदार टेबल वाजवायचे. तिसऱ्या सकाळी नाश्त्याला दोन्ही गट वेगवेगळे बसले, एकमेकांकडे बघेनात. सह्यांसाठी मी झेंडे लावून टेबल सजवलं होतं. अबू खलील ते बघून म्हणाले, "हे उचललंस तरी चालेल."

मग त्यांनी मिस्टर फिरींना एकट्याला शेजारच्या खोलीत बोलावलं. कहवा, म्हणजे अरबी कॉफी, द्यायला मी होते.

"इथे तुमचं कोणी ऐकत नाही," अबू खलील म्हणाले. "खरं सांगा. गिरणी कुठे चालेल?"

मिस्टर फिरी कप हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्यांच्या बाजूला. डांबरी रस्ता त्यांच्याकडे आहे. आमच्या बायका पलीकडे जातातच. निम्म्यांचं माहेर तिकडे आहे."

ते गेले. मिसेस फिरी आल्या. तोच प्रश्न. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्यांच्या बाजूला. बारमाही पाणी त्यांच्याकडे आहे. आमची विहीर उन्हाळ्यात आटते."

अबू खलीलांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि काय ऐकलं ते सांगून टाकलं.

"तुम्ही असं म्हणालात?" मिसेस फिरींनी विचारलं.

"आणि तुम्ही?"

"पण पाण्याशिवाय गिरणी कशी चालणार?"

"आणि रस्त्याशिवाय तेल कुठून नेणार?"

आवाज चढले. थोड्याच वेळात इंग्रजी संपली आणि दोघं त्यांच्या त्या भाषेत सुरू झाली.

अबू खलील माझ्याकडे वळले. "आता कशावरून भांडतायत?"

मी म्हटलं, "त्याच गोष्टीवरून, बाबा. फक्त आता हे मलावीकडून भांडतायत आणि त्या झांबियाकडून."

ते बराच वेळ ऐकत बसले. कहवा संपवला. आणखी नको म्हणून कप हलवून माझ्या हातात दिला, आणि खिशातून पेन काढलं.

"यल्ला, चला," म्हणाले, "सही कुठे करू?"