थॉमसिन मावशीचं न खुडलेलं शेत

थॉमसिन नान्सचा जन्म डॅफोडिलच्या शेताच्या बांधावर झाला असं तिची आई सांगायची. इंग्लंडच्या टोकाशी असलेल्या आमच्या सिली बेटांवर यात विशेष काही नाही. पूर्वी हंगामात बायका पोटात कळा सुरू होईपर्यंत फुलं खुडत. विशेष एवढंच, की पुढचं अख्खं आयुष्य फुलांत काढूनही या बाईनं स्वतःचं शेत फुललेलं कधी पाहिलं नव्हतं.

ऐकायला खोटं वाटतं, पण आमचा धंदाच तसा आहे. उन्हाळ्यात वाफ्यांवर कापड पसरून खालून पेंढ्याची धुरी द्यायची, म्हणजे कंद फसतात आणि नाताळच्या सुमाराला, बाकीचं इंग्लंड अंधारात कुडकुडत असताना, आमच्याकडे कळ्या धरतात. कळीनं मान वाकवून पिवळी कड दाखवली की ती खुडायची. तिनं उमलायचं ते दूर शहरात, परक्या माणसाच्या टेबलावर. शेतात उमललेलं फूल म्हणजे आळशाचं घर. हंगाम सरला की उरल्यासुरल्या कळ्यांवर यंत्र फिरवायचं, म्हणजे ताकद कंदात राहते. थॉमसिन मावशीचा नवरा मेल्व्हिन तर या बाबतीत इतका कडक, की एकदा त्याच्या कुंपणाशी चार फुलं उमललेली दिसली तेव्हा लोक चर्चच्या दारात त्याला विचारत होते, ‘काय मेल्व्हिन, यंदा मधमाश्या पाळल्यास वाटतं?’ तो महिनाभर कुणाशी धड बोलला नाही.

मी डेन्झिल. माझी मोटरबोट सकाळी फुलांची खोकी मोठ्या बेटावर नेते आणि येताना माणसं, टपाल, पाव आणि चहाड्या घेऊन येते. त्यामुळे बेटावर कुणाचं काय चाललंय ते मला न विचारता कळतं. मावशीचं म्हणाल तर ती मला लहानपणापासून आवडते. फटकळ बाई. बिनदुधाचा चहा पिते, कोंबड्यांशी वाद घालते आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी ‘आमेन’ म्हणून मोकळी होते. मेल्व्हिन गेल्यावरही तिनं शेत एकटीनं सांभाळलं. पण मागच्या वर्षी खुबा कुरकुरायला लागला. वाकून खुडायचं काम ते, खुब्याशिवाय कसं होणार? शेवटी ठरलं, की हा हंगाम तिनं करायचा आणि वसंतात शेत तिच्या दिराकडे, हेडलीकडे जायचं.

नवं वर्ष लागलं आणि तिची खोकी कमी व्हायला लागली. मग थांबलीच. खुब्याच्या डॉक्टरकडे जायला ती माझ्या बोटीत बसली तेव्हा मी विचारलं, ‘मावशी, कळ्या रुसल्या का?’

ती म्हणाली, ‘खुडत नाहीये मी.’

खुबा फार दुखतोय का, असं मी विचारलं. दुखतोय, पण त्यासाठी नाही, म्हणाली. हे तिचं शेवटचं वर्ष. ही फुलं कशी उमलतात ते तिला एकदा बघायचं होतं, सगळी, एकदम, तिच्याच शेतात. हेडलीकडे शेत गेलं की तो एक पाकळीसुद्धा उघडू देणार नाही, आणि हे तिला कबूल होतं. शेत शेतासारखंच ठेवायला हवं. पण त्याआधी एकदा. हे सांगताना ती अशी लाजली, की जणू या वयात कुणाच्या प्रेमात पडली होती.

‘कुणाला बोलू नकोस,’ म्हणाली. ‘हेडलीला तर मुळीच नाही. म्हणेल, म्हातारीला वेड लागलं.’

मी तोंडाला कुलूप घातलं. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड जातं ते माझं मला माहीत.

त्यानंतरचे दिवस मावशीनं सुखात काढले. आमच्याकडे जानेवारीतही मधूनच एखादा दिवस असा उघडतो, की कोट काढावासा वाटतो. ती शेताच्या फाटकाशी स्टूल टाकून बसे, मांडीवर शाल, हातात चहाचा मग. वरचे वाफे आधी उमलले, मग मधले. बारकी पिवळी फुलं, आत नारिंगी वाटी, एका दांड्यावर झुपकाच्या झुपका. उंच कुंपणामुळे वारा लागत नाही, त्यामुळे वास तिथंच साचून राहायचा. एकदा मी टपाल द्यायला गेलो तर म्हणाली, ‘डेन्झिल, ही सकाळी एका बाजूला बघतात आणि दुपारी दुसऱ्या. मला कुणी सांगितलंच नव्हतं.’ आणि अशी हसली, की मी चहा न घेताच परत आलो. तिला एकटीला असू द्यावं असं वाटलं.

पण बेटावर एकटं असू देण्याची पद्धत नाही. दुकानवाली बेरिल तिच्या कुत्र्याच्या मागे धावत कुंपणापर्यंत गेली आणि फटीतून पिवळाधमक शेताचा तुकडा बघून कुत्रा विसरून उलटी पळत सुटली. उमललेलं शेत म्हणजे मालकीण अंथरुणाला खिळलेली, दुसरा अर्थ आमच्याकडे नाही. म्हातारी एवढी आजारी, आणि मानी इतकी की तोंडातून ब्र काढत नाही, असं म्हणत बेरिलनं दुपारपर्यंत सगळं बेट जागं केलं.

अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याला खुडता येत नाही त्याचं शेत बाकीच्यांनी खुडून द्यायचं, आणि आभार मानायची वेळ येण्याआधी घरी जायचं. हेडलीनं पुढाकार घेतला. मावशीला संकोच नको म्हणून तिच्या पुढच्या डॉक्टरच्या फेरीचा दिवस ठरला. मी तिला नेणार होतो, म्हणून मला कुणी काही सांगितलं नाही. बेटावरची एवढी एकच गोष्ट मला कळली नव्हती, आणि नेमकी तीच कळायला हवी होती.

परत येताना बोट टेकडीला वळसा घालते तिथून मावशीचं शेत दिसतं. मावशी आधीच मान उंचावून बसली होती. वरच्या वाफ्यांत पिवळं काही उरलं नव्हतं. तिथं माणसांच्या वाकलेल्या पाठी होत्या, ओळीनं, आणि त्या खाली खाली सरकत होत्या.

‘डेन्झिल,’ ती म्हणाली, ‘आणखी जोरात जाते का ही?’

जात नव्हती. धक्क्यावरून मी तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून वर नेलं. शेतात अर्धं बेट होतं. बांधावर दगडांच्या चुलीवर किटली, बेरिलचा केशराचा केक, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर चोरून उपकार करणाऱ्यांचा आनंद. कळ्या नीट जुड्या बांधून खोक्यात, आणि उमललेली फुलं, विकायला निकामी म्हणून, बांधाच्या कडेला ढीग करून टाकलेली. हेडली सगळ्यात पुढे होता. म्हातारा आजही तरुणांना मागे टाकतो. त्यानं घाम पुसला आणि वहिनीकडे बघून, फार काही केलं नाही अशा थाटात, म्हणाला, ‘खालचे चार वाफे राहिलेत फक्त. चहा होईपर्यंत संपतील.’

मावशी बांधावर बसली. मला वाटलं, आता ही आभार मानणार आणि सगळं गिळून टाकणार. तसं करणं सोपं होतं. तिनं ढिगातलं एक फूल उचललं.

‘मी आजारी नाही,’ ती म्हणाली. ‘मी ती ठेवली होती.’

‘ठेवली होती? कशासाठी?’ हेडलीनं विचारलं.

‘बघायला.’

बेरिलच्या हातातली जुडी तशीच राहिली. हेडलीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ‘बघायला,’ तो पुन्हा म्हणाला, टोपी डोक्यावर दाबली आणि फाटकातून निघून गेला. बाकीचे एकेक करून टोपल्या खाली ठेवायला लागले. बेरिल तर रडायलाच लागली. मावशीनंच तिला केकचा तुकडा कापून दिला.

मग त्या ढिगाचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. कोंबड्या उबवायला बसायच्या आधी डॅफोडिल घरात आणलं तर पिल्लं निघत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मावशी म्हणाली, माझ्या कोंबड्यांचं मी बघून घेईन. आम्ही बादल्या भरल्या, दुधाचे कॅन भरले, न्हाणीघरातला टब भरला. उरलेली प्रत्येकानं थोडी थोडी घरी नेली, कोटाखाली लपवून. मावशी सगळ्यांना हसून निरोप देत होती. पण सगळे गेल्यावर ती फाटकाशी उभी राहिली आणि वरच्या हिरव्या, रिकाम्या वाफ्यांकडे बघून म्हणाली, ‘खालचे चार आहेत की.’ तिच्या आवाजावरून मला कळलं, चार पुरणार नव्हते. मला फार वाईट वाटलं आणि बेटाचा मनापासून राग आला. चांगुलपणावर रागवायची सोय नसते, हेच वाईट.

त्यानंतर हेडली कुणाला दिसेना. त्याचं वरचं शेत मावशीच्या खिडकीसमोर, मधे फक्त गल्ली. बेटावरचं सगळ्यात देखणं शेत ते. कळ्या माना टाकून तयार होत्या. त्याची खोकी धक्क्यावर आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी वर जाऊन आलो. पहिला वाफा उमलला होता.

बेरिलनं मला दुकानात गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, हेडली आजारी आहे का. मी म्हणालो, तूच विचार. तो पीठ घ्यायला आला तेव्हा तिनं विचारलं. पाठ धरलीय, असं तो म्हणाला, आणि पिठाचं पोतं खांद्यावर टाकून घरी गेला. बेरिल माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. त्या आठवड्यात त्याच्या शेतात जायला बेटावर एकाही माणसानं टोपली उचलली नाही.

रविवारी मी तिकडून गेलो तेव्हा सगळं शेत उघडलेलं होतं, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, आणि दीर-वहिनी दोघं गल्लीत खुर्च्या टाकून बसली होती. हेडली अवघडून बसला होता, कुणी बघेल म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून.

‘किती दिवस राहतात अशी?’ त्यानं विचारलं.

‘माहीत नाही,’ मावशी म्हणाली. ‘म्हणून तर बसलेय.’