माझी नात, त्यांचे पाय

कुणाच्याही घरी गेल्या की आमच्या समोरच्या वहिनी दोन्ही हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. मोजून दहा वेळा. तोवर चहा निवायचा. वजन माझ्यापेक्षा चार किलो जास्त. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे बरेच दिवस मला तेवढाच आधार होता.

ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावला मुलाकडे राहायला आलो. सोसायटी नवी, आजूबाजूला नुसती बांधकामं. सातव्या मजल्यावर दारासमोर मराठी घर निघालं म्हणून मी केवढी खूश झाले होते. ती खुशी वर्षभर टिकली. मग नात झाली.

सुनेला आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच. आपल्याकडे बाळाला कसं न्हाऊ घालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीवर पाय पसरून बसायचं आणि बाळाला पायांवर घ्यायचं. मुलाचं लग्न ठरल्यापासून मी त्या अंघोळीची वाट बघत होते. पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये बसले ती मला उठताच येईना. ह्यांनी आणि मुलाने काखेत हात घालून मला उभं केलं.

"आई, आपण रिस्क नको घ्यायला," सून म्हणाली. "समोरच्या काकू येतायत ना."

वहिनी रोज दहाला येऊ लागल्या. एवढ्या जाड बाई, पण खाली बसायच्या आणि कशालाही न धरता उठायच्या. माझी नात, माझी बादली, माझं डाळीचं पीठ, आणि पाय त्यांचे. पोर त्यांच्या पायांवर खिदळायची आणि मी टॉवेल घेऊन दारात उभी. एवढा मत्सर मी माझ्या जावांचाही केला नव्हता.

मग मी ईर्ष्येने पेटले. रात्रीचं जेवण सोडलं. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, सापडेल तो उपास धरला. दोन महिन्यांत सात किलो उतरले आणि वजनकाटा ओढत त्यांच्यासमोर आणला.

"काटा काय म्हणतो ते सोडा, ताई. गुडघे काय म्हणतात?" वहिनी म्हणाल्या. "खाली बसा बघू."

बसले. उठताना पाय पहिल्यापेक्षा जास्त लटपटले. त्यांनीच हात दिला. तो घेताना मला रडू आलं.

"फरीदाबादला असताना मीही हेच केलं होतं. बारा किलो उतरवले आणि बसस्टॉपवर आपटले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, साठीनंतर नुसतं उपाशी राहिलं की चरबीबरोबर ताकदही जाते. खायचं, पण नीट. आणि पायांना काम द्यायचं."

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. सकाळी मुगाचं धिरडं, जेवणात दाट वरण आणि दही, साखर बंद. आधी दोन उशा ठेवलेल्या खुर्चीतून उठायचं, मग एक उशी, मग नुसती खुर्ची. "बिल्कुल हात नाही लावायचा," त्या दटावायच्या. प्रत्येक आकड्याला मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते. चार महिने गेले. वजन रडतखडत हललं, पण एके दिवशी मी जमिनीवरून माझी मी उठले.

दुसऱ्याच सकाळी वहिनी दारातून म्हणाल्या, "आज माझी पाठ धरलीय. तुम्हीच बसा."

मी बसले. पोरीला न्हाऊ घातलं, त्यांच्या हातात दिलं आणि एका गुडघ्यावर वळून उभी राहिले. त्यांनी तिच्या टाळूचा वास घेतला, बराच वेळ, आणि तिला माझ्याकडे दिलं. पाठ काही बरी झाली नाही. तरी त्या रोज यायच्या आणि टॉवेल घेऊन दारात उभ्या राहायच्या.

दोन आठवड्यांनी खाली सामानाचा ट्रक लागला. त्यांच्या मुलाची कंपनीने हैदराबादला बदली केली होती, आणि वहिनीही त्याच्याबरोबर चालल्या होत्या. घरात महिन्याभरापासून माहीत होतं, असं तो माझ्या मुलाला म्हणाला. पाठबीठ काही धरलेली नव्हती. मला शरम वाटली. आणि खरं सांगते, बरंही वाटलं. आता मधे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत पाय पसरून बसले. नातीला पायांवर घेतलं, पहिला तांब्या ओतला. पोर रडली नाही, हसलीही नाही. मान वळवून दाराकडे बघत राहिली.

"मी आहे गं," मी म्हटलं.

ती तिकडेच बघत होती. मग मीही बघितलं.