उन्हाळ्यातलं पाणी

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, निकाल, झेरॉक्स, लॅमिनेशन. लोक मला ताई म्हणतात, मी त्यांच्यावर खेकसते, तरी ते परत येतात. दुसरं दुकान बाजाराच्या पार टोकाला आहे, हे त्याचं खरं कारण.

श्रावणातल्या एका सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर ब्राउझर आपणहून नवीन होऊन बसलेला. मला कोणी विचारलं नव्हतं. आपण चार दिवस माहेरी जाऊन यावं आणि तेवढ्यात जावेनं स्वयंपाकघर तिच्या मनासारखं लावून ठेवावं, तसा प्रकार. डावीकडची बटणं उजवीकडे गेलेली, अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, पान खाली सरकवलं की अर्धं वरच राहायचं. अशा दिवशी चिडून उपयोग नसतो. मी चिडले आणि मग कामाला लागले. पान पुन्हा उघडून पाहिलं. ब्राउझरने साठवून ठेवलेलं जुनं सामान पुसून टाकलं. झूम जागेवर आणला. वरून जोडलेली एक्स्टेन्शन्स एकेक करून बंद केली, तेव्हा अक्षरं खाली उतरली आणि बटणंही दिसायला लागली. झालं काम, असं समजून मी चहा मागवला.

चहा येण्याआधी बापलेक आले. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथले. बाप ओळखीचा, दाखल्यांसाठी येऊन गेलेला. मुलगी विशीची असेल. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा शहापूर तालुक्यातला, खर्डीच्या पुढे डोंगरात त्यांचा पाडा. दोघांची ओळख वीटभट्टीवरची, हे बापानेच सरळ सांगितलं.

"ताई, वरून गाव दिसतो ना तुमच्यात? त्यांचा पाडा दाखवा."

"तुम्ही घर बघून नाही आलात?"

"आलो की. पन पावसात बघितला. पावसात पानी कुठं नसतं? विहीर काठोकाठ भरलेली दाखवली त्यांनी. तुमच्यातला फोटो उन्हाळ्यातला असतो, असं शाळेतले गुरुजी बोलले."

मला हे पटलं. आमच्या भागात मुलगी देताना मुलगा काय कमावतो ते नंतर विचारतात. आधी विचारतात, पाणी किती लांब आहे. मुलीची आई आलेली नव्हती. डोक्यावर हंडे वाहून तिची मान कामातून गेली होती, एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते. तिने नवऱ्याला बजावून पाठवलं होतं, उन्हाळ्यातलं पाणी बघा आणि मगच होकार कळवा.

मी नकाशा उघडला, सॅटेलाइटवर टाकला आणि पाडा शोधला. चित्र रेंगाळत आलं. करडे, वाळलेले उतार, म्हणजे फोटो उन्हाळ्यातलाच. मधे थोडी घरं आणि घरांना लागून खालच्या अंगाला मोठं निळंशार पाणी.

बाप पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"धरणाचं असंल," तो म्हणाला.

भातसा धरण त्याच तालुक्यात, म्हणून मीही असेल म्हणाले. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की मलाही बरं वाटलं. मुलाच्या वडिलांना फोन करायला तो बाहेर पायरीवर गेला. "आमचा होकार हाय," असं तो मोठ्याने सांगत असलेलं आत ऐकू येत होतं.

मुलीला घरं जवळून दाखवावीत म्हणून मी चित्र मोठं केलं. घरं मोठी झाली, पाणी तेवढंच राहिलं. नकाशा सरकवला, तर पाणी रस्त्यावर आलं. तेव्हा त्याचे कोपरे दिसले. पाण्याला काटकोन नसतो.

सकाळचं दुखणं संपलेलं नव्हतं तर. नवीन ब्राउझर चित्रं काढायचं काम कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर टाकतो, माझं कार्ड जुनं, दोघांचं जमेना. जिथलं चित्र काढता आलं नाही, तिथे निळा रंग. सेटिंगमध्ये जाऊन मी कार्ड वापरण्यापुढची बरोबरची खूण काढली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. निळा गेला. त्याच्याखाली उतारच होता, तसाच करडा. घरांपासून पार खाली, नाल्याच्या कोरड्या पात्राशी विहिरीचा बारीक गोल. तिथून घरांपर्यंत वळणं घेत चढलेली एक पांढरी रेघ.

"ही रेघ कसली?" मी विचारलं.

"वाट हाय," मुलगी म्हणाली. "रोज चालून तशी पांढरी पडते." मग हळूच म्हणाली, "बाबाला नका दाखवू."

मला राग आला. "खोटं दाखवणं माझ्याच्याने होणार नाही," मी म्हटलं. मी जरा जास्तच जोरात बोलले असणार, कारण बाप आत आला.

त्याने पडद्याकडे पाहिलं. पाणी कुठे गेलं, विचारलं. मी ब्राउझर, कार्ड, रंग, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे नव्हतंच," तो म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

"बाबा, मी चालंन तेवढं," मुलगी म्हणाली.

"तुझी आय पन असंच बोललेली."

"मग? आली ना ती तुमच्या घरी?"

"आली. तिची मान बघतेस ना गो?"

"बघते. पन पानी मला आनायचंय. तुमाला नाय."

मी मनातून बापाच्या बाजूची होते. आणि मला हेही माहीत होतं, की तिच्या वयात मी तेच बोलले असते.

बापाने फोन खिशात ठेवला. इतका वेळ तो उभाच होता, आता स्टुलावर बसला.

"ताई, तो आधीचा परत आनता येईल का?"

"आधीचा कोणता?"

"निळा. कागदावर काढून द्या. हिच्या आयला दाखवतो."

मी माऊसवरचा हात काढला.

"तिला कळंल," तो म्हणाला. "ती काय येडी नाय. पन कागद असला का तिला हो बोलायला बरं पडंल."

दाखल्यावरचं एक अक्षर इकडचं तिकडे करून द्या म्हणणाऱ्याला मी दुकानातून घालवून देते. मी सेटिंगमधली खूण परत केली. ब्राउझर बंद केला, उघडला, निळा आला. रंगीत प्रिंट काढली. शाई ओली होती, म्हणून मुलीने ती वाळेपर्यंत दोन्ही हातांत आडवी धरून ठेवली.