काकूनं गॅस बंद केला

मोठ्या काकूचा राग भांड्यांवर निघायचा. माणसांवर कधीच नाही. आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या घरात सकाळी जाग यायची ती पातेल्यांच्या आदळआपटीनं, आणि काकांनी काय केलं असेल याचा अंदाज त्या आवाजावरूनच यायचा. "भांड्याला पोचा पडला तर ठोकून घेता येतो," ती म्हणायची, "माणसाचं तसं न्हाई." सगळ्यांना हे शहाणपण वाटायचं. मला संताप यायचा.

काकांच्या गळ्यात तुळशीची माळ. प्रवासात त्यांना बाहेरचं चालत नसे. धाब्यावरची भजी मात्र बराबर चालायची. त्यामुळे गडचिरोलीचं जंगल ते मालवण अशी सहल ठरली तेव्हा गाडीत आधी गॅसची शेगडी चढली, मग पिठाचा डबा, मग काकू.

जंगलात तिघांच्या कवेत न मावणारे साग होते. आम्ही माना वर करकरून हिंडलो. काकू गेटाजवळ पत्र्याच्या शेडखाली पिठलं घोटत होती. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "जा तू. झाडाचं काय एवढं? मला समुद्र बघायचाय." ती शहागडची, गोदाकाठी वाढलेली. "मोठं पाणी बघितलं की डोस्कं शांत होतं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

मालवणला जाताना जालना वाटेतच. एक मुक्काम घरी झाला. पुरुष पाय पसरून झोपले आणि काकूनं पीठ, चटण्या, लोणची पुन्हा भरून घेतली. पुढं शहागडच्या पुलावर तिनं दोनच मिनिटं गाडी थांबवा म्हटलं. काका म्हणाले, "टाइम न्हाई." माहेरची नदी खिडकीतून सर्रकन मागं गेली, आणि काकूनं मांडीवरचा डबा खाली आदळला. आजही त्या पुलावरून जाताना माझं डोकं फिरतं.

मालवणात आम्ही दोन दिवस लाटांत डुंबलो. काकू खोलीमागच्या पडवीत. ती आणि समुद्र यांच्या मध्ये फक्त नारळीची बाग. लाटांचा आवाज तिला शेगडीपाशी ऐकू यायचा. निघायच्या दिवशी तिनं कणीक मळता मळता विचारलं, "आता मी जाऊन येऊ का?"

"समुद्र काय पळून चाललाय?" काका म्हणाले. "जल्दी पोळ्या उरक, मंग निघू."

मी भांडं आदळायची वाट पाहत होते. आवाज आलाच नाही. तिनं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी बागेतून चालू लागली. काका गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले. मी तिच्या मागं धावले. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, माझ्याकडं पाठ करून.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "भूक लागली आसल तर भजे खा म्हणावं. मी समुद्र बघून राह्यले."

ऊन उतरेपर्यंत ती आली नाही.

काकू गेल्या वर्षी गेली. तेराव्याच्या पंगतीत काका पाव्हण्यांना सांगत होते, "म्या तिला जंगल दाखवलं, समुद्र दाखवला. काही कमी पडू दिलं न्हाई." माझ्या हातात आमटीचं पातेलं होतं. आपटायला हात शिवशिवले. मी ते हळूच खाली ठेवलं.

"समुद्र तिचा तिनं बघितला, काका," सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं मी म्हटलं. "आन् जंगल तर तुम्ही दाखवलंच न्हाई."