वीतभर उघडी चादर

कपाट आवरताना नानांची चादर हाती आली आणि डांबरगोळ्यांच्या वासासोबत ती दुपारही आली.

कॉलेजात हौशी ध्वनिमुद्रणाची स्पर्धा होती. मी वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, यंत्रमागाचा आवाज टेप करून देणार होतो. "मी सांगेपर्यंत माग थांबवायचा नाही, बोलायचं नाही," असं त्यांना बजावून मी टेपरेकॉर्डरच्या काट्याकडे बघत बसलो. मध्येच आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचा आवाज पोकळ झाला.

टेप बंद केल्यावर नाना म्हणाले, "धोट्यातला धागा मगाशीच संपला हुता."

"मग थांबवायचा की माग!"

"तूच नगं म्हनालास की."

धागा संपला की त्यांचा हात आपोआप माग थांबवायच्या दांड्यावर जायचा. त्या दिवशी त्यांनी तो आवरून धरला होता. चादरीत वीतभर नुसते उभे धागे राहिले. कारखान्याच्या मालकानं ती घेतली नाही, म्हणून ती घरीच आली.

मला बक्षीस मिळालं. परीक्षकांना नेमका तो पोकळ आवाजच आवडला होता. नानांना मी एवढंच सांगितलं, की नंबर आला.

आज त्या उघड्या धाग्यांतून बोटं फिरवली. नाना जाऊन बरीच वर्षं झाली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. चादरीची पुन्हा घडी घातली, ती वीत आत राहील अशी.