श्रीरामाची दहावी वही

आमच्या ऑफिसात दर महिन्याला एक शांततेचा तास असतो. तो कॅलेंडरवर दोन महिने आधी नोंदवला जातो आणि हमखास दुसऱ्या कुठल्या तरी मीटिंगवर आदळतो. मागे अशाच एका तासाला आलेल्या बाईंनी आम्हाला प्रत्येकी एक बेदाणा दिला आणि तो पाच मिनिटं पुरवून खायला सांगितला. त्याच्या सुरकुत्या बघा, वास घ्या, या क्षणात राहा. मी त्या क्षणात राहून दोन मेलना उत्तरं दिली. बेदाणा कधी पोटात गेला ते कळलं नाही. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला, त्यात मी पाचपैकी पाच दिले, कारण चार दिले की कारण लिहावं लागतं.

मी उतावळा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, त्यामुळे जन्म बंगळुरूचाच. घर जयनगरला आणि नोकरी हेब्बाळला, म्हणजे दिवसाचे तीन तास टॅक्सीच्या मागच्या सीटवर. सॉफ्टवेअरच्या टीमना काम लवकर कसं संपवावं हे शिकवणं हा माझा धंदा. आणि पंधरा वर्षांपासून मी एक कादंबरी लिहितो आहे. तिचा आराखडा तयार आहे, पात्रांचे तक्ते आहेत, प्रकरणांचा रंगीत नकाशा आहे, पाठ दुखू नये म्हणून घेतलेली खास खुर्चीसुद्धा आहे. लिहिलेलं पान मात्र एकही नाही.

वडील गेल्यावर आईने लेखी जप सुरू केला. छापील चौकटींची वही मिळते, एका पानावर एकशे आठ घरं, शंभर पानं. प्रत्येक घरात एकदा ‘श्रीराम’ लिहायचं. दहा वह्यांचा तिचा संकल्प होता. सकाळी अंघोळ करून ती खिडकीशी बसायची आणि एक पान लिहून उठायची. नऊ वह्या झाल्या. दहावीची वीस पानं झाली आणि तिच्या हाताला कंप सुटला. पेन टेकवलं की अक्षर शेजारच्या घरात जायचं. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप तेवढी वाढली.

त्याच सुमारास होसकोट्याच्या रस्त्यावर आमच्या ओळखीतल्या मंडळींचं एक छोटं राममंदिर व्हायचं ठरलं. ज्यांनी ज्यांनी जप लिहिला त्यांच्या वह्या पायाच्या खड्ड्यात ठेवणार होते. वर गाभारा उठणार आणि खाली आपली वही. हे ऐकून आई दोन दिवस दहावी वही उघडून मिटत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने ती माझ्यापुढे ठेवली.

“ऐंशी पानं राहिलीत. दोन महिने आहेत. तू लिहिशील?”

आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. लगेच हो म्हटलं.

“पण स्वल्प ऐक,” ती म्हणाली. शेजारपाजारात सगळे कानडी, त्यामुळे तिच्या मराठीत असे शब्द मुरलेत. “एका जागी बसायचं. फोन लांब. एक नाम लिहायचं, तोंडाने म्हणायचं, मग दुसरं.”

मी मान डोलावली आणि मनात गणित मांडलं. ऐंशी पानं, साठ दिवस. एका नामाला साधारण वीस सेकंद, पानाला अर्ध्या तासाच्या वर. हे काही जमणारं नव्हतं. तीन दिवस मी इमानाने बसलो. पाय वळले, पाठ धरली, तीन दिवसांत एक पान. चौथ्या दिवशी टॅक्सीत माझ्यातला व्यवस्थापक जागा झाला. माणूस दर वेळी श्री वरून रा वर आणि रा वरून म वर जातो, यात किती वेळ वाया! त्यापेक्षा आधी पानभर नुसतं ‘श्री’, मग वरून खाली सगळे ‘रा’, मग सगळे ‘म’. हाताला एकच वळण, विचाराला काम नाही. पान बारा मिनिटांत उरकलं. खरं सांगतो, पगारवाढ झाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद मला तेव्हा झाला.

मग काय, नुसता धडाका. हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली की ‘श्री’, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ‘रा’, दुसऱ्याचं प्रेझेंटेशन लांबलं की ‘म’. एकदा तर एका तरुण सहकाऱ्याला कामाचे टप्पे नीट पाडत नाही म्हणून झापता झापता मी अर्धं पान संपवलं. किती पानं झाली याचा तक्ता लॅपटॉपवर होताच. महिन्याभरात बावन्न पानं. आई विचारायची, “बसतोस ना रे?” मी म्हणायचो, “बसतो की.” बसलेला तर असायचोच.

एका शुक्रवारी मी घरून काम करत होतो. जेवणाच्या टेबलावर वही उघडी, पान अर्धं झालेलं. कुरियरवाला आला म्हणून मी खाली गेलो. वर आलो तर आई ताकाचा पेला घेऊन टेबलापाशी उभी होती आणि पेल्यातलं ताक हिंदकळून बशीत सांडत होतं. ती वहीकडे बघत होती. पानावर एकशे आठ ‘श्री’ होते, वरच्या तीन ओळींत ‘रा’ होते आणि ‘म’ एकही नव्हता.

“हे काय आहे?”

मी समजावून सांगितलं. असं केलं की वेळ वाचतो, शेवटी पान तेच होतं, अक्षरंही तीच.

तिने पेला ठेवला. “आणि खाली गेला होतास तिथे तुझं काही बरंवाईट झालं असतं तर? नाहीतर मीच आत्ता गेले असते तर? एवढं लिहिलंस, पण त्यात एक नाम पुरं नाही.”

मधेच थांबायची वेळ आली तरी हातातलं पुरं असलं पाहिजे, हेच मी वीस वर्षं लोकांना शिकवतो. त्यासाठी माझ्याकडे स्लाइड्स आहेत, त्यांवर बाणांच्या आकृत्या आहेत. त्या स्लाइड्स दाखवण्याचा मला पगार मिळतो.

“आधीची पानं?” तिने विचारलं.

“ती एकेक करूनच लिहिली,” मी म्हणालो. “आजच जरा घाई होती.”

तिने वही हातात घेतली, चार पानं मागे उलटली, मिटून माझ्यापुढे ठेवली. “सरी,” म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली आणि ताकाची बशी पुसायला गेली.

पन्नाशी उलटलेला माणूस आईशी खोटं बोलला की ते लहानपणच्या खोट्यासारखं सुटून जात नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या खिडकीशी बसू लागलो, फोन स्वयंपाकघरात ठेवून. सुरुवातीचे दिवस भयंकर गेले. दहाव्या नामाला खाज सुटायची, विसाव्याला ऑफिसमधली भांडणं आठवायची, पन्नासाव्याला मी मनातल्या मनात बॉसला सडेतोड उत्तर देत असायचो आणि एका घरात ‘श्री’च्या जागी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं. ते पान फाडलं. शांती वगैरे काही लाभली नाही. एवढंच झालं की एका सकाळी ‘म’ची गाठ मारताना माझ्या लक्षात आलं, मी आत्ता फक्त ‘म’ लिहितोय, मनात दुसरं काही नाही. पुढच्या क्षणी याचा मला अभिमान वाटला आणि ते गेलं. पण आलं होतं हे नक्की.

पान झाल्यावर पेन हातातच असायचं. एकदा मी मागच्या कोऱ्या कागदावर आईच्या हाताबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्या पुऱ्या करूनच उठलो. दुसऱ्या दिवशी आणखी चार. त्यांना प्रकरण नाही, नकाशा नाही, कादंबरीशी संबंध नाही. पंधरा वर्षांत लिहिलेलं माझं पहिलं पुरं काही म्हणजे हेच.

पायाभरणीला आठ दिवस राहिले तेव्हा मला राहवलं नाही. आई मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं, बावन्न पानं तशीच लिहिलीत, टॅक्सीत, मीटिंगमध्ये, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

तिने वही आणायला लावली आणि एक पान उघडलं. लिहिता लिहिता माझं निळं पेन संपलं होतं, मी काळं घेतलं होतं. पानभर सगळे ‘श्री’ निळे आणि सगळे ‘राम’ काळे. त्या शुक्रवारीच तिने ते पाहिलं होतं.

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले.”

मला लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाचच मेथी निवडायला घेतली. मग माझा मूळ स्वभाव वर आला. मी म्हणालो, आठ दिवस रजा टाकतो, सगळी पानं पुन्हा लिहितो, रोज सात, हिशेब बसतो. आईने माझ्या हातातून मेथीची काडी काढून घेतली, मी पानं टाकून देठ ठेवत होतो. “परत घाई,” ती एवढंच म्हणाली.

पायाभरणीला आम्ही नऊ वह्या घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांना आईने सांगितलं, दहावी झाली नाही. ते म्हणाले, “परवागिल्ला अम्मा, आहे तशी द्या, कोण बघतंय?” आईने हसून नको म्हटलं. नऊ वह्या खड्ड्यात उतरल्या, पूजा झाली, वर काँक्रीट ओतलं. परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तीन वर्षांचा तिचा संकल्प माझ्या हुशारीने अधुरा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ती अंघोळ करून खिडकीशी बसलेली. समोर नवी वही, पहिलं पान, हातात पेन. हात थरथरत होता. मी शेजारी बसलो आणि वही हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली. ‘श्री’ चौकटीबाहेर गेला, ‘रा’ कलंडला, ‘म’ खालच्या घरात उतरला. ती पुटपुटली, पेन उचललं, दम घेतला. असं एक नाम व्हायला मिनिट लागलं असेल. शंभर पानं, आणि पानाला एकशे आठ घरं. सवयीने माझ्या तोंडून निघालंच, “आई, अजून किती नामं राहिलीत?”

तिने पेन पुढच्या चौकटीवर टेकवलं.

“हे एक,” ती म्हणाली.